पिवळ्या कपाटाची फेरवाटणी

जिवाणूंच्या संग्रहालयातल्या शास्त्रज्ञ बाईंना सगळे 'कपाटकाकू' म्हणत. पदवी मोठी होती, दारावरच्या पाटीवर हुद्दाही ठळक होता. परंतु थंड खोलीतली लोखंडी कपाटे आणि काकू यांचा वेगवेगळा विचार कोणी करीतच नसे. कपाटांत बोटभर लांबीच्या काचनळ्या ओळीने उभ्या असत आणि प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर भुकटी असे. ती भुकटी म्हणजे गोठवून वाळवलेले, झोपी गेलेले जिवाणू. पाणी आणि खाद्य मिळाले की ते जागे होतात. निदान व्हावेत, अशी अपेक्षा असते.

त्यांतले एक कपाट 'पिवळ्यांचे'. फार पूर्वी, सूक्ष्मदर्शक आणि स्वतःचे डोळे एवढ्याच भांडवलावर काम चाले तेव्हा, कांडीच्या आकाराचा आणि पिवळ्या रंगाचा जो जो जिवाणू सापडला तो तो या एका गटात कोंबण्यात आला. काकूंनी तरुणपणी दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यातून असाच एक पिवळा वाण मिळवला होता. गटाचा मानदंड ठरलेल्या मूळ वाणाशी त्याची तुलना करून त्यांनी मत दिले, की दोघांचे खाद्य वेगळे, वाढीची तऱ्हा वेगळी. रंग सोडला तर यांचे नातेच नाही. तेव्हाच्या वरिष्ठांनी हसून त्यांची बोळवण केली. काकूंनी मत बदलले नाही आणि खाणीतला वाणही टाकला नाही.

नव्या विभागप्रमुखांना मात्र कपाटे रिकामी करण्याची घाई होती. त्यांनी फर्मान काढले, की प्रत्येक वाणाचा जिनोम, म्हणजे त्याचा अक्षरांत मांडलेला जनुकीय मजकूर, वाचून पाहायचा, आणि एकच वाण दोन नावांनी ठेवलेला आढळला तर त्यातला एक ऑटोक्लेव्हच्या वाफेत नष्ट करायचा. "सुरुवात तुमच्याच जोडीपासून करू, काकू," ते म्हणाले. "आल्यापासून ऐकतोय, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे."

जिनोमची अक्षरे संगणकावर जुळवून पाहण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांना 'आकडेबुवा' म्हणत. निकाल घेऊन ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच काकू काय ते समजल्या.

"रागावू नका हं, काकू. तुमचं ते वेगळं घराणं अगदी सख्खं निघालं. सख्खं कसलं, जुळं! लाखो अक्षरांत फरक किती, तर बोटांवर मोजण्याइतका."

"मिटला वाद," प्रमुख म्हणाले. "खाणीतला वाण या आठवड्यात निकालात काढा."

काकू घरी आल्या त्या तोंड पाडूनच. सासूबाई खिडकीशी बसून शर्टाला गुंडी लावीत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"काय गं सूनबाई, तुझ्या पिवळ्यांना कावीळ झाली की काय?"

"हसू नका, आई. माझा वाण आणि तो मूळचा, दोघं हुबेहूब निघाले."

"हुबेहूब? अगं, एका पोटची पोरं हुबेहूब नसतात. माझीच बघ ना. एकाचं नाक दुसऱ्याला नाही, आणि तुझा नवरा तर कुणावरच गेला नाही."

"आई, मी इथेच बसलोय," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"म्हणून तर हळू बोलले!"

काकूंना हसू फुटले आणि ते अर्ध्यावरच थांबले. दुपारपासून मनात जे सलत होते त्याला आता तोंड फुटले. दोन वाण दोन ठिकाणचे, मध्ये पिढ्यांचे अंतर. जवळचे नातलग असते तरी इतक्या काळात हजारो अक्षरे बदलली असती. एवढा सारखेपणा नात्याचा नव्हेच. एकच वाण दोन नळ्यांत शिरला होता!

आणि तो कसा शिरला असेल हेही त्यांना ताबडतोब उमगले. संग्रहालयाची रीतच तशी होती. मूळ सीलबंद नळीला हात लावायचा नाही. रोजच्या वापरातल्या नळ्या संपत आल्या की त्यांतूनच पुढच्या भरायच्या. दोन्ही पिवळे एका स्टँडमध्ये शेजारी शेजारी उभे असताना कधीतरी कोणाच्या तरी हातून मूळ वाणाच्या नळीत खाणीतला वाण भरला गेला, आणि पुढची प्रत्येक भरणी त्या चुकीचीच नक्कल करीत गेली. खाणीतल्या वाणाच्या नळ्या तर काकू स्वतःच भरीत, त्यांत चूक नव्हती. आकडेबुवांनी खाणीतला वाण खाणीतल्याच वाणाशी ताडून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी काकू थेट प्रमुखांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, मूळची सीलबंद नळी उघडायची."

"शेवटची नळी ती! उघडली आणि काहीच उगवलं नाही तर?"

"तर मूळ वाण गेला, आणि दोष माझा. तसं लिहून देते. पण न उघडता माझा वाण वाफेत घातलात, तर आपल्याकडे खोटा मानदंड तेवढा उरेल."

प्रमुखांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी आकडेबुवांना बोलावून घेतले. बुवांनी मान खाली घालून सांगितले, "काकूंचं बरोबर आहे. इतकं साम्य बघून मलाच शंका यायला हवी होती."

"उघडा," प्रमुख म्हणाले. "पण मी समोर उभा राहणार."

काकूंनी काचेवर कानशीने रेघ ओढली, टोक ज्योतीवर तापवले आणि त्यावर गार पाण्याचा थेंब सोडला. टक् करून काच तडकली. भुकटीत पोषक द्रव मिसळून तो त्यांनी पेट्री डिशमध्ये पसरला आणि डिश उबवणपेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी डिश कोरी होती. तिसऱ्या दिवशीही कोरीच. जिन्यात गाठ पडली की प्रमुख नुसत्या भुवया उंचावत. घरी सासूबाई विचारीत, "उठली का गं मंडळी?" आणि काकू म्हणत, "लोळतायत अजून." वरकरणी थट्टा चालली होती, पण दिवसातून दहा वेळा त्या उबवणपेटीत डोकावत होत्या.

मग एका दुपारी त्यांनी डिश उजेडात तिरपी धरली. टाचणीच्या टोकाएवढे, फिकट पिवळे ठिपके चकाकले. काकूंनी डिश ताबडतोब आकडेबुवांकडे पोचवली.

त्या ठिपक्यांचा जिनोम खाणीतल्या वाणाशी ताडून झाल्यावर आकडेबुवा धावतच आले. "काकू, शंभरातली तीस अक्षरं जुळत नाहीत! हे लांबचे नातेवाईकसुद्धा नाहीत!"

मग पिवळ्यांचे सबंध कपाट वाचून काढण्यात आले आणि एका गटाचे तीन गट झाले. शास्त्राचा नियम असा, की जुने नाव मूळ वाणाकडेच राहते. त्याच्या वाट्याला मोजकेच सोबती आले, आणि कुठेच न बसणाऱ्या थोड्यांचा निराळा गट झाला. कपाटातले बहुतेक खरे आप्त निघाले खाणीतल्या वाणाचे, म्हणून त्यांचा नवा गट मांडण्यात आला. त्याला खाणीवरून नाव मिळाले, आणि वाफेत जाऊ घातलेला तो वाण आता त्या गटाचा मानदंड म्हणून वरच्या फळीवर पहिला उभा राहिला. दर काही काळाने प्रत्येक वाणाची भरणी त्याच्या मूळ नळीशी ताडून पाहण्याची नवी रीतही त्याच आठवड्यात लागू झाली.

'पिवळे' ही जुनी पाटी प्रमुखांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली. "इतकी वर्षं बरोबर होतात, काकू," ते म्हणाले. "राग नाही आला कधी?"

"आला ना. पण राग ठेवायला कपाटात जागा कुठे होती?"

आकडेबुवा खदखदून हसले. काकूंनी घरी फोन लावला.

"आई, मंडळी उठली! आणि वेगळीही झाली."

"वेगळी झाली? भांडण न करता?"

"भांडले मी," काकू म्हणाल्या, "आणि जिंकलेसुद्धा!"