चांगुणामावशींच्या टिपाडातलं पाणी

पाणी वाचवायला निघालेल्या आम्हा शहाण्यांनी एका बाईचं पाणी पिऊन संपवलं.

ती बाई काल गेली. कऱ्हाटीच्या चांगुणामावशी.

त्यांना पोचवून आल्यापासून ही पोस्ट लिहितोय आणि खोडतोय. आधी "आमच्या कामाचा आधारवड" वगैरे लिहिलं. वाचलं तर खोटं वाटलं. डिलीट केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

मागच्या दुष्काळात बारामतीत कऱ्हा नदी नावालाच उरली होती. पात्रात वेड्या बाभळी आणि आपल्याच घरांचं सांडपाणी. आम्ही काही जणांनी पात्र साफ करायला घेतलं. मग डोक्यात प्रकाश पडला की वरून पाणीच आलं नाही, तर साफ करून नुसतं क्रिकेटचं मैदान होणार.

म्हणून दर रविवारी सकाळी नदीच्या वरच्या अंगाला, कऱ्हाटी गावाला जायचं ठरलं. नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर दगडांचा बांध घालायचा, माळावर चर खणायचे. श्रमदान.

माझं फ्लेक्सचं दुकान. त्यामुळे मी सगळ्यात आधी काय केलं असेल? फ्लेक्स छापला. "थेंब थेंब वाचवू, कऱ्हामाईला जगवू." तो बांधायला ओढ्याजवळ एकच भिंत होती, मावशींच्या गोठ्याची.

गोठ्यात एकच म्हैस होती.

"तेवढी पाऊस पडंस्तवर दावणीला टिकली म्हंजी झालं बगा," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मालक गेल्यापासनं तिच्याच दुधावर घर चाललंय."

गावात टँकर एक दिवसाआड यायचा. कधी तोही यायचा नाही. मावशींच्या दारात पाणी साठवायची दोन पत्र्याची टिपाडं. मावशी, त्यांची सून आणि म्हैस, सगळ्यांचं त्यातच भागवायचं.

आणि रविवारी आम्ही पंचवीस-तीस जण.

काम आटोपलं की मावशी हाक मारायच्या. आधी हात-तोंड धुवायला पाणी, मग प्यायला, मग चहा. दारात आलेल्या माणसाला कोरडं धाडायची त्यांच्या घरात रीतच नव्हती. स्वतः तांब्या घेऊन एकेकाच्या हातावर पाणी ओतायच्या.

आम्ही चोळून चोळून हात धुवायचो. मानेवर घ्यायचो, डोक्यावर घ्यायचो. "काय गार पाणी आहे मावशी" म्हणायचो.

मागे माझा फ्लेक्स.

त्याचा सेल्फीपण आहे. लाइक्स भरपूर मिळाले होते.

बरं, आम्ही काही आंधळे नव्हतो. टिपाडाचा तळ दिसायला लागलेला मी पाहिला होता. एका रविवारी मी गाडीत पाण्याचे जार टाकून नेले. मावशींनी जारकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमच्या घरचं पाणी चालंना व्हय तुमाला?"

आपल्याकडे हा प्रश्न साधा नसतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जार गाडीतच ठेवले आणि मावशींच्या हातचं तांब्याभर पाणी त्यांच्यादेखत प्यालो, वर आणखी मागून घेतलं. मावशी खूश. मान राखला म्हणून मीही खूश.

जार तसेच परत आणले. निघताना त्यांच्या टिपाडात ओतावेत एवढी साधी अक्कल मला नव्हती. दुकानात शाईचे हात धुवायला ते पाणी संपलं.

थोड्या दिवसांनी दावण रिकामी दिसली.

"म्हैस कुठंय मावशी?"

"लेकीकडं धाडली, सणसरला. तितं कॅनॉल हाय, उसाचं वाडं हाय. पाऊस पडला की आणू."

"बरं केलंत," मी म्हणालो आणि हात धुवायला पुढे केले.

बांध पुरा झाला. पाऊस आला, ओढा अडला, विहिरींना पाणी चढलं. खाली बारामतीत कऱ्हेला धार आली. आम्ही जलपूजन केलं, नारळ फोडला, भाषणं केली.

"आता म्हैस आणा की," मी गेलो की म्हणायचो.

"आणू की," मावशी म्हणायच्या. मला वाटायचं, लेक सोडत नसेल.

काल अग्नी देऊन सगळे घरी आलो. दारात त्यांची सून, मंदाताई, कळशी घेऊन उभी होती. मयतीहून आलेल्यांच्या हातापायांवर पाणी घालत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "ताई, म्हैस अजून सणसरलाच का?"

"कुठलं सणसर, दादा. तवाच इकली ती."

मला कळेना.

"रविवारी तुमी गेला की टिपाडं खडखडीत. सोमवारी म्हशीला पाजायला काय नसायचं. दाव्याला हिसके देऊन देऊन वरडायची ती. मी म्हणलं, सांगू या त्यास्नी. आत्याबाईंनी मला गप केलं. म्हणल्या, पाणी न्हाय म्हणलं तर ही माणसं यायची बंद हुतील, बांध अर्धाच राहील. म्हैस जाऊ दे. आन् तुमाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून सणसर सांगितलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी नुसती बोटं ओली केली आणि बाजूला व्हायला लागलो.

"नीट घ्या की दादा," मंदाताई म्हणाली. "आता पाणी हाय."

तिनं कळशी वाकडी केली. मी हात धुतले. मान वर करता आली नाही.

त्या बांधावर आमच्या ग्रुपचं नाव रंगवलंय. येत्या रविवारी जाऊन मी ते खरवडून काढणार आहे. ग्रुपमधल्या कुणाला राग येणार असेल तर येऊ दे.

मावशी, ही आमची श्रद्धांजली. माफ करा म्हणायला आम्हाला तोंड नाही.