आत्याबाईंनी उघडलेली शिशी

बाळंतपणात किती दुखतं, हे विचारायला आताच्या सुना माझ्याकडे येतात, तेव्हा मी खरं ते सांगते. मरणाचं दुखतं. मग त्या पांढऱ्याफटक पडतात आणि मला जरा बरं वाटतं. माझ्या वेळी जिनं तिनं "काही नाही वं, होऊन जाते" एवढंच सांगितलं होतं, आणि खोटं बोलणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग आहे.

माझं माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं. वडील मास्तर होते. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी न होता अमरावतीला सासरीच झालं. सासर वकिलाचं. वकील म्हणजे आमचे हे. ओसरीवर सकाळपासून पक्षकार बसलेले असत, आणि घरात राज्य सासूबाईंचं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू.

त्या पहिल्या वेळी मागच्या अंधाऱ्या खोलीत दीड दिवस मी अडले होते. उशाशी आत्याबाई, पायाशी सुईण. मी पहिली किंकाळी फोडली तशी आत्याबाईंनी माझ्याच पदराचा बोळा करून माझ्या तोंडात दिला. "आवाज बाहेर जाऊ देऊ नको. पक्षकार बसले आहेत." दीड दिवस मी तो बोळा चावला. मुलगा झाला. तो रडलाच नाही. सुईणीनं तळव्यांवर चापट्या मारल्या, कांदा फोडून नाकाशी धरला, तरी नाही. संध्याकाळपर्यंत होता, मग गेला.

मी गप्प राहिले म्हणून तोही गप्प राहिला, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. हे वेडगळपणाचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण कळून काय उपयोग? तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले तेव्हा मुलगा की मुलगी याचा मी एकदाही विचार केला नाही. मला या खेपेला लेकराचा आवाज ऐकायचा होता. बाकी काही नको होतं.

मी सरळ सांगून टाकलं, मी बायकांच्या दवाखान्यात जाणार. ह्यांनी आईकडे पाहिलं. कोर्टात म्हणे हे मोठमोठ्यांची बोलती बंद करत. घरात ह्यांचीच बंद असे.

"आपल्या घरातली बाई दवाखान्यात बाळंत झाली नाही आजवर," आत्याबाई म्हणाल्या.

"मग मी अकोल्याला जाते. माझे वडील नेतील मला तिथल्या दवाखान्यात."

आता वकिलाच्या बायकोला म्हाताऱ्या मास्तरानं टांग्यात घालून दवाखान्यात न्यायचं, म्हणजे सगळ्या जठारपेठेला बोलायला विषय. आत्याबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जाय. पण मी सोबत राहीन, अन् आपलं जे करायचं असते ते मी करीन." काय करायचं असतं, ते कोणी विचारलं नाही. चूक तिथंच झाली.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई उंच, सावळी, बोलायला आमच्याहून फटकळ. तिनं मला तपासलं, मागच्या वेळचं सगळं विचारलं आणि म्हणाली, "रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं. आणि चूल फुंकते ना फुंकणीनं? तसा श्वास सोडायचा, लांब. कळ आली की श्वास कोंडायचा नाही, फुंकायचा." म्हणून मी दिवसभर फुंकत बसायची. भाजी निवडताना फूं, वाती वळताना फूं. आत्याबाईंनी चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "काहून नागिणीवानी फुसफुस करून राहिली? चूल तर कवाची पेटली."

शेजारच्या मुन्सफाच्या बायकोनं मला शिशीची गोष्ट सांगितली होती. दवाखान्यात गोड वासाची शिशी हुंगवतात, बाई झोपते, उठते तो पाळण्यात पोर. मी डॉक्टरीणबाईला विचारलं. ती म्हणाली, "लढाई चालू आहे, औषधं मिळत नाहीत. एकच शिशी आहे, ती कापाकापीसाठी. आणि तुझ्या अंगात रक्त कमी. शिशीनं आईबरोबर लेकरूही सुस्तावतं, लवकर रडत नाही."

लवकर रडत नाही! मी तिथल्या तिथं शपथ घेतली, शिशी मागितली तर माझं नाव बदलून टाका. घरी येऊन ह्यांना सांगितलं, आत्याबाईंना सांगितलं, मुन्सफाच्या बायकोला तर मुद्दाम नाक वर करून सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुखायला लागलं नव्हतं ना तोवर!

एका सकाळी भाकरी थापताना कळ आली. मी परात बाजूला सारली, टांगा बोलावला आणि आत्याबाईंना हाक मारली, तर त्या कुठल्या यायला? त्यांचं सुरू झालं होतं. बाई मोकळी व्हायची तर घरात काही बांधलेलं, झाकलेलं, कुलपात राहू नये, अशी आमच्याकडे रीत. त्यांनी कपाटं उघडली, ट्रंका उघडल्या, लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधलेले दादरे सोडले, गाईचं दावं सोडलं, माझी वेणी सोडली. मग ओसरीवर जाऊन ह्यांच्या दप्तरांच्या लाल नाड्या एकूणएक सोडल्या. ओसरीवर वारा होता, कागद उडाले. पुढचे पंधरा दिवस वादी आणि प्रतिवादी एकमेकांच्या कागदांत नांदत होते. गाय तर त्या दिवशी थेट राजापेठेत सापडली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. आत्याबाईंनी माझं लेकरू हातात येईस्तोवर पाणीसुद्धा न घेण्याचा नेम केला होता, हे मला नंतर कळलं. मला खाटेवर घातलं. दोन तास मी शहाण्यासारखी फुंकत होते. नर्सबाई म्हणाली, "वा, फार धीराची बाई आहे." ही बाई धीराची होती बारा वाजेपर्यंत. साडेबाराला माझी सगळी शपथ कमरेतून निघून गेली.

"शिशी द्या!" मी ओरडले. "बाई, तुमच्या पाया पडते, शिशी द्या!"

"लेकरू सुस्तावेल."

"मी मरून राहिली नं इथं! द्या मले!"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी डॉक्टरीणबाईचे हात धरले, नर्सबाईचा झगा धरला, तिच्या ख्रिस्ती देवाचीही आण घातली. एक तास मी अशी छळ मांडून बसले. शेवटी डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला आणि नर्सबाईला म्हणाली, "जा, आण. थोडी देऊ." आणि मला, खरं सांगते, लेकराची आठवणसुद्धा झाली नाही. मला शिशी मिळणार याचाच आनंद झाला. याची लाज मला अजून वाटते.

नर्सबाई शेजारच्या औषधांच्या खोलीत गेली आणि तिथूनच किंचाळली.

झालं होतं ते असं. मी आत ओरडत होते आणि आत्याबाई बाहेर घायकुतीला आल्या होत्या. घरातलं सगळं सोडून आलो, तरी सून मोकळी होईना, म्हणजे इथंच काही बंद राहिलं असलं पाहिजे. त्या औषधांच्या खोलीत शिरल्या. किल्ली कपाटालाच होती. कपाट उघडलं, तर आत ओळीनं बुचं लावलेल्या बाटल्या! आत्याबाईंनी एकेक बूच काढलं. आयोडिनचं काढलं, एरंडेलाचं काढलं, आणि त्या एकुलत्या एका शिशीचंही काढलं. तिचा वास गोड लागला, म्हणून अत्तर आहे की काय ते पाहायला नाकाशी धरली. सकाळपासून उपाशी बाई. तिथंच बसल्या. शिशी हातातून कलंडली आणि सगळं औषध फरशीवर उडून गेलं.

दोघींनी मिळून आत्याबाईंना उचलून आणलं आणि शेजारच्या खाटेवर खिडकीखाली निजवलं. डोळे मिटलेले, ओठांवर हसू. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मुन्सफाच्या बायकोनं वर्णन केली होती ती झोप आमच्या घराण्यात मिळाली खरी, पण भलतीला!

"यांना काही होत नाही, तासाभरात उठतील," त्यांची नाडी पाहून डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळली. संतापानं तिचं नाक लाल झालं होतं. "आणि तू! आता शिशी नाही, काही नाही. फुंक!"

मला हसू आलं. कळ चालू असताना हसू येणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आणि हसता हसता मला असा राग आला, असा राग आला, की मी फुंकायचं सोडून तोंडच सोडलं. आधी ह्यांचा उद्धार केला. मग ह्यांच्या पक्षकारांचा, त्यांच्या बांधांच्या भांडणांचा, अमरावतीच्या समस्त वकिलांचा. मग आत्याबाईंकडे तोंड केलं. त्या झोपल्या आहेत म्हटल्यावर मला कुणाची भीती? इतक्या वर्षांचं सगळं काढलं. आणि शेवटी, जे मी ह्यांच्याशीही कधी बोलले नव्हते, ते ओरडले.

"तुमीच बोळा दिला माझ्या तोंडात! मी ओरडली असती तर माझं लेकरू रडलं असतं! तुमच्या पक्षकारांसाठी माझं लेकरू मुकं गेलं!"

"शाब्बास," डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता एकदा असाच जोर लाव."

मी लावला. आणि सुटले.

खोलीत एकदम शांत झालं. डॉक्टरीणबाईनं लेकराला उलटं धरलं. पाठ चोळली. मला त्याची पाठ दिसत होती, निळसर. मी फुंकलं नाही, ओरडले नाही, माझा श्वास होता तिथंच थांबला. देवा, पुन्हा नको. डॉक्टरीणबाईनं बोटानं तोंड पुसलं, एक चापट मारली, दुसरी मारली.

आणि मग ते रडलं. काय रडलं! अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं असेल.

"मुलगी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. नर्सबाईनं तिला फडक्यात गुंडाळलं, छातीशी धरून डोलवायला लागली, "ओ ओ, गप गप, गप गं बाळ."

"गप करू नको तिले."

आवाज शेजारच्या खाटेवरून आला. आत्याबाई कोपरावर उठल्या होत्या. जीभ जड होती, पण डोळे पुरते उघडे होते, आणि त्या नर्सबाईकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. कधीपासून जाग्या होत्या, देव जाणे.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं रडू दे. कोनी गप करू नका तिले."

त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि लेकीच्या बरोबरीनं हंबरडा फोडला, आणि आत्याबाईंनी मलाही गप केलं नाही.