रा म्हटलं तिला

माझी जीभ तिखट आहे, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. मुरबाडकडं माझ्या माहेरी सगळेच तसे. शब्दसुद्धा आमी अख्खा बोलत नाय. 'राहा' म्हणायला कुणाला वेळ आहे? 'रा'. गप रा, बसून रा, झालं.

सून माझी तेलुगू. मुलगा वाशिंदच्या ज्या कारखान्यात नोकरीला, तिथंच ऑफिसात कामाला. गुणाची पोर, पण आमच्या सुकटीचा वास तिला सोसत नाय. एकदा मी अंगणात वाळत घातलेली सुकट तिनं उचलून मागच्या दारी ठेवली, आणि मांजरानं ती फस्त केली. माझं डोकं फिरलं. "आमचं जेवण सोसत नाय, तर आमच्या घरात आलीस कशाला गो?" असं तोंडातून निसटलं. दुसऱ्या दिवशी ती कामावरून परस्पर कल्याणला भावाकडं गेली.

आठवडा झाला तरी परत आली नाय. मुलगा खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा. ती काय आता येत नाय, आणि तिच्यामागून हाही जाणार, अशी मला भीती वाटायला लागली. पण माफी मागायची? ती मेली रीतच आमच्या घराण्यात नाय. शेवटी शनिवारी मुलानं फोन लावून माझ्या हातात कोंबला. पलीकडं नुसती मुसमुस. काय सांगू, कळवळा यायचा सोडून मला रागच आला. "रा..." म्हटलं, आणि पुढचं 'तिथंच' तोंडात होतं तोवर रेंज गेली.

मुलानं कपाळावर हात मारून घेतला. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

रविवारी दुपारी आसनगाव स्टेशनहून आलेली रिक्षा दारात थांबली. आत ती! हातात एवढीशी पिशवी, डोळे सुजलेले, आणि तोंडभर हसू.

"आई, तुम्ही तेलुगू कधी शिकलात? माझी आई मला असंच बोलावते. रा!"

तेलुगूत म्हणे 'रा' म्हणजे 'ये'. मुलाला हे माहीत होतं, पण आठवलं आत्ता; तो तोंड फिरवून हसत होता. मला हसावं की रडावं कळेना. अगो बाई, वाचले गो वाचले!

"दोन दिवसांचेच कपडे आणलेत," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तुमचा राग गेला की नाही, काय माहीत."

"रा," मी म्हटलं.

"आले की, आई!"

मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द अख्खा उच्चारला.

"राहा."