मेलेल्या गोऱ्ह्याचं काम

सकाळची प्रार्थना संपली होती. शाळेच्या मागच्या शेडमध्ये एक गोऱ्हा मरून पडला होता. पाय ताणलेले, तोंडावर माश्या. विज्ञानाच्या सरांनी नाकाला रुमाल लावला, नववीच्या सगळ्या पोरापोरींवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

"तुझ्या बापाला बोलावून आण. दोरी घेऊन ये म्हणावं."

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नव्हतं. फळा पूस म्हणावं, खिडकी लाव म्हणावं, तसं सर म्हणाले होते.

तो गोऱ्हा माझा नव्हता. हे आधी सांगते.

बिदरकडच्या भालकीजवळचं आमचं गाव. शाळा मराठी माध्यमाची, खाजगी. संस्थेचे अध्यक्ष गावातले मोठे जमीनदार, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. अप्पांचा दुधाचा धंदा आहे, गोठाभर जर्सी गायी. जर्सीला गोऱ्हा झाला की अप्पांच्या कपाळाला आठी. दूध देत नाही, औताला चालत नाही, नुसता खातो. असे नको झालेले गोऱ्हे अप्पांनी शाळेला दान केले आणि त्याला प्रकल्प असं नाव पडलं. मुलांनी वासरं हातावर वाढवायची. उद्घाटन झालं. गोऱ्ह्यांना हळदकुंकू लावलं, गूळ चारला. अप्पांनी गोमातेवर लांबलचक भाषण केलं. जिची पोरं तिच्या आचळावरून ओढून शाळेत धाडली होती, त्याच मातेवर.

माझ्या वाट्याला आलेला गोऱ्हा अगदीच मरतुकडा. उभा राहिला की मागचे पाय लटपटायचे. वासराला बादलीतलं दूध पिता येत नाही. त्याला मान वर करून चोखायचं तेवढं कळतं. आपण दुधात हात बुडवायचा, दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची, आणि ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा. माझा गोऱ्हा बोटं अशी ओढायचा की खांद्यापर्यंत ओढ लागायची. खरबरीत जीभ, गरम तोंड. एक दिवस मी बोटं काढून घेतली आणि तो आपला आपण पीत राहिला. मी घरी पळत जाऊन आईला सांगितलं.

दुधाच्या कॅनला मात्र मी हात लावायचा नव्हता. अप्पांची नात श्रेया माझ्याच वर्गात होती. ती वरून दूध ओतायची, मी बादली खाली धरायची. असं कामून म्हणून विचारलं तर म्हणाली, आई रागावते. माझा गोऱ्हा माझी बोटं चोखून उठायचा आणि दुधानं बरबटलेलं तोंड श्रेयाच्या ओढणीला पुसायचा. ते चालायचं.

मेला तो श्रेयाच्या वाट्याचा गोऱ्हा. त्याला हगवण लागली होती. श्रेया तिकडं फिरकली नाही, वास येतो म्हणे. सर डॉक्टरला फोन करतो म्हणाले आणि विसरले. मग तो मेला, आणि मेल्याबरोबर त्याचं नातं एकदम आमच्या घराशी जुळलं. जिवंतपणी कुंकू, मेल्यावर आमचा बाप.

माझ्या आज्यानं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हाच मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. सोडलं म्हणून गावाचा मार खाल्ला. माझ्या बापानं ते काम कधी केलं नाही. मी तर कधी बघितलंही नाही. तरी सरांना ते तोंडपाठ होतं. गाईच्या पोटाचे चार कप्पे फळ्यावर काढताना पुस्तकात बघायला लागायचं त्यांना. हे बघायला लागलं नाही.

मी म्हणाले, "सर, माझा बाप कारखान्यात फिटर हाय. त्यो ढोरं वढत न्हाई."

सरांचा चेहरा उतरला, कारण तेवढ्यात अप्पा आले होते. पांढरे कपडे, हातात फोन. काय झालं ते ऐकून घेतलं आणि माझ्याशी गोड बोलायला लागले.

"पोरी, तुमाला काय नवीन हाय का हे? तुझ्या आज्यानं आमच्या गोठ्यातली किती वढली."

"आज्यानं सोडलं ते," मी म्हणाले. "तुमचा गोऱ्हा तुमी वढा."

बाजूला बांधलेल्या माझ्या गोऱ्ह्याचं दावं मी सोडून हातात घेतलं. माझा आवाज कापला नाही. अप्पांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही. सरांना एवढंच म्हणाले की हिला प्रकल्पातून काढा. सरांनी माझ्या गोऱ्ह्याचं दावं माझ्या हातातून काढून घेतलं. तो माझ्या मागं यायला बघत होता. त्याला खुंट्याला बांधलं.

मी घरी गेले नाही. कुंपणाजवळ उभी राहिले. ऊन चढलं, वास वर्गात शिरला, शाळा लवकर सोडावी लागली. शेवटी अप्पांचा ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं आणि सरांनी तोंडाला फडकी बांधली. सर गोऱ्ह्याच्या शेपटीला चिमटीत धरून तोंड फिरवून उभे. दोनदा त्यांच्या हातातून सुटला तो. एम. एस्सी. झालेला माणूस. मला त्या दिवशी सरांची भीती गेली ती कायमची.

आईनं ऐकलं तेव्हा ती घाबरली. दहावी तोंडावर हाय, माफी मागून टाक म्हणाली. बाप जेवत होता, जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कपड्यांतच माझ्याबरोबर शाळेत आला. सरांना म्हणाला, काल पोरीला जे म्हणलाव ते आता माझ्यासमोर म्हणा. सर म्हणाले, गैरसमज झाला. हा शब्द त्यांच्याजवळ तयार होता. बापानं माझा गोऱ्हा मागितला. तो मिळाला नाही. पुढं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात श्रेयानं त्याला धरून फोटो काढला, शाळेला बक्षीस मिळालं, आणि नंतर सगळे गोऱ्हे एका टेम्पोत भरून बाजाराला गेले. गोमातेवर त्या दिवशी कुणी बोललं नाही.

मी दाखला काढला नाही. मी कामून जाऊ? दहावी होईपर्यंत पहिल्या बाकावर, सरांच्या तोंडासमोर बसले.

आता मी बिदरला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकते. इथं मेलेली जनावरं कापून बघावी लागतात. मोठमोठ्या घरची पोरं हातमोजे घालून म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतात, आणि त्याला विज्ञान म्हणतात, गुण मिळतात. गेल्या महिन्यात एका मेलेल्या गाईसमोर माझ्या गटातला एक जण मागं सरकला. बड्या बागायतदाराचा पोरगा. पाळी त्याची होती. हळूच मला म्हणाला, "तू हो की पुढं. तुला जमतंय."

मी त्याला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मला कामून जमतंय, सांग की."

त्यानं हातमोजे घातले. पहिला छेद वाकडा गेला. मी बघत उभी राहिले, मदतीला गेले नाही. जाणारही नाही. माझी पाळी येईल तेव्हा माझं काम मी चोख करीन. दुसऱ्याच्या वाटणीचं, माझी जात बघून पुढं सरकवलेलं एकही काम मी करणार नाही. आणि नाही म्हणताना हसणार नाही, आवाज खाली आणणार नाही, कुणाला समजावत बसणार नाही.