आगेऱ्याची लोंबी

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. मी चौथीपर्यंतच शिकले.

भाईंदर पश्चिमेला एक ख्रिस्ती म्हातारी भाजी विकते. दसऱ्याआधी तिच्या टोपलीत भाताच्या मोजक्या लोंब्या दिसल्या. तोरणासाठी मी भाव विचारला.

तिने त्या पदराखाली झाकल्या. "इकायच्या न्हाय गो. आगेऱ्याच्या सणाला चर्चमध्ये न्यायच्या. पयलं पीक देवाला, मंग आपुन नवा भात खायचा."

"शेत कुठंय, मावशी?"

"बिल्डिंगखाली. ह्या घरी बादलीत लावल्या."

ती हसली, पण बोटं लोंब्यांवरून फिरत राहिली.

गावी माझे वडीलही पहिली लोंबी दाराला बांधायचे. ते शेतही विकलं गेलं. हे मी तिला सांगितलं. तिने एक लोंबी माझ्या हातात ठेवली. पैसे घेईना.

दसरा झाल्यावर त्या लोंबीचे दाणे मी जपून ठेवले आणि पुढच्या पावसाळ्यात गॅलरीत रंगाच्या डब्यात पेरले. दोन लोंब्या आल्या. दोन्ही तिला नेऊन दिल्या.

"एकच दिलेली. व्याज पन आनलंस?"

"एक तुमची, एक माझ्या वडलांची."

तिने दोन्ही आपल्या जुडीत बांधल्या. आगेरा होईपर्यंत मीही घरी नवा तांदूळ शिजवला नाही.