दादांबरोबर माकणीच्या पाण्यापर्यंत

गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं बघायला निघावं आणि सोबतीला आयुष्यभर पाखरं हाकललेला माणूस घ्यावा, असला शहाणपणा मलाच सुचतो. पण दुसरा दिवस हाताशी नव्हता. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, उद्या सकाळी कायमचे पुण्याला मुलाकडं जाणार होते. वहिनी वारल्यापासून ते गावात एकटेच. शेत बटईनं दिलेलं, गुडघे पार गेलेले. तिकडं गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, नात वाट बघत होती, आणि मुलगा कधीपासून विनवत होता. त्याचं काहीच चुकत नव्हतं. चुकलं होतं माझं नशीब. सगळी नोकरी परमुलखात काढून मी नुकता कुठं माकणीजवळच्या आमच्या गावात राहायला आलो, आणि मी येतो न येतो तोच हे निघाले. निदान एकदा तोंडानं ‘थांबा’ म्हणावं, म्हणून मी त्यांना फिरायला बाहेर काढलं होतं.

“बघायचं काय असतंय त्यात?” चप्पल पायात सरकवत दादा म्हणाले. “खाणारं पाखरू हाय का न खाणारं, एवढंच बघायचं असतंय.”

दादांचे गुडघे सांभाळत सावकाश गावाबाहेर पडलो. पूर्वी या दिवसांत चहूकडं शाळूची कणसं डुलायची आणि दादा माच्यावर गोफण घेऊन दिवसभर राखण करायचे. आता जिकडंतिकडं ऊस. ज्वारी एकाच रानात उभी होती, आणि तिच्यावर भोरड्यांचा थवा उतरला. गुलाबी अंगं, काळी डोकी, सगळ्यांचा नुसता कलकलाट. मी श्वास धरून दुर्बीण लावली. एक भोरडी अगदी स्वच्छ दिसली, तोच माझ्या कानाशी आरोळी फुटली, “हाऽऽ होऽऽ! हाऽऽ!” थवाच्या थवा उठला आणि ओढ्यापलीकडं गेला.

“अहो दादा! तेच तर बघायचं होतं!”

“आरं, कणसावर बसलतं की!” ते माझ्याहून चकित झालेले. “हात आपोआप वर गेला बघ.”

“रान तरी आपलं आहे का?”

“न्हाय. पण ज्वारी ती ज्वारीच की.”

मला हसू आवरेना. तेही हसले, अगदी ठसका लागेपर्यंत. त्याच हसण्यात बोलून टाकायला हवं होतं. पण उसाचा ट्रॅक्टर आला, आम्ही कडेला झालो, आणि तोंडात आलेलं तोंडातच राहिलं.

पुढं माळ लागला. गवत वाळलेलं, मधूनच एखादा पळस फुललेला. एक चंडोल गात गात उंच चढला. दादा मान वर करून उभे राहिले.

“हे काय खातंय?”

“किडे, गवताचं बी.”

“मग असू दे.” थोडं चालल्यावर म्हणाले, “पुण्याचं घर चौथ्या मजल्यावर हाय म्हणं. तिथं कुठली आलीत पाखरं?”

“कबुतरं आहेत की रग्गड.”

“खाणारी का न खाणारी?”

“खाणारीच.”

“मग जमंल.”

गाव सोडून चाललेला माणूस माझीच समजूत काढत होता.

माकणीच्या धरणाचं पाणी मागं सरकलं होतं. ओल्या काठानं टिटव्या पळत होत्या, आणि पलीकडं डोक्यावर काळे पट्टे असलेले राजहंस बसले होते. थंडीभर इथं राहून आता उत्तरेला परतायच्या बेतात होते. मी दुर्बीण दादांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, आणि मला धीर आला.

“दादा, नका ना जाऊ. जेवण माझ्याकडं. दवाखान्यात मी नेईन. आत्ता कुठं आलोय मी. थांबा.”

त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

“तू नोकरीला निघालास तवा एस्टीपातूर म्या आलतो. याद हाय का?”

“आहे.”

“म्या तुझी ट्रंक टपावर चढवली. आन् वाटलं, ह्याच्या दंडाला धरावं आन् खाली वढून घ्यावं. तुझ्याबिगर करमायचं न्हाय, ठावं होतं मला. पर बोललो न्हाय.”

“का नाही बोललात?”

“थांबला असतास की रं.”

आता कुठं त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

“आता तू म्हणलास,” दादा म्हणाले. “म्या थांबंन. पोराला काय सांगायचं ते तूच सांग. बोल, थांबू का?”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी त्यांच्या हातातून दुर्बीण घेऊन गळ्यात अडकवली. मग विचारलं, “सामान बांधून झालं का, दादा?”