मागील आसन काढून टाकणेबाबत

आमच्याकडे कोणतीही गोष्ट आधी केली जाते आणि परवानगी मागाहून मागितली जाते. पडवी आधी पुढे येते, मग ती कायम करून मिळावी म्हणून अर्ज येतो. कुंपण आधी सरकते, मोजणीची विनंती नंतर. हे अर्ज लिहिणारा मी. पेणच्या सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर, पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. नववीत मी शाळा सोडली की शाळेने मला, याबद्दल घरात दोन मते आहेत. परंतु 'सबब', 'उपरोक्त' आणि 'मेहेरबान साहेबांस विदित व्हावे' हे शब्द ज्याच्या हातात मुरले आहेत, त्याला गुणपत्रिकेची उणीव भासत नाही. अनेक पदवीधर माझ्यासमोर उभे राहून, "तुम्हीच लिहा, तुम्हाला जमतं," असे म्हणून गेले आहेत. मी नम्रपणे मान हलवतो. ते खरेच बोलत असतात.

माझ्या वापरात एक जुनी, जड मोटरसायकल होती. ती मूळची माझ्या सासऱ्यांची. रोह्याच्या अलीकडे निडीला त्यांची भाताची शेती, आणि भात निघाला की त्याच रानात वाल. मुलगी एकच. लग्नानंतर त्यांनी रोह्याच्या लोहाराकडून गाडीला एक साडीगार्ड करून घेतले. मागे बसणारीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून जी जाळी असते, ती बाजारात हलक्या तारेची मिळते; यांनी खिडकीच्या गजांची केली. ते गेल्यावर गाडी वारसाहक्काने माझ्या बायकोच्या नावे झाली. त्या कामाचे सर्व कागद मीच केले, आणि ते एकाही त्रुटीशिवाय मंजूर झाले, हे येथे नमूद करतो.

दर रविवारी आम्ही दोघे त्या गाडीवरून पेणहून निडीला जात असू. सासूबाईंना दिसायचे कमी झाले होते, पण गाडीचा आवाज त्या लांबच्या वळणावरून ओळखत आणि चहा ठेवत. वाटेत बायको बोलत असे. घरी मी बोलतो, तसा माझा व्यवसायच आहे. गाडीवर मात्र माझे तोंड समोर, तिचे माझ्या कानाशी. पेण सोडले की ती आठवडाभराचे साचलेले काढायला सुरुवात करी आणि निडीच्या अंगणात पोचेपर्यंत ते संपत आलेले असे. हेल्मेटमुळे मला अर्धेच ऐकू येई. तेवढ्यावर संसार व्यवस्थित चालला होता.

अशा स्थितीत नागोठण्याकडच्या एका कंपनीतला एक तरुण माझ्या टेबलापाशी आला. शिफ्ट सुटून आला होता. नोंदणी पुस्तिकेवरचा बँकेचा बोजा उतरवण्याचा अर्ज हवा होता. त्याची मोटरसायकल बाहेर उभी होती आणि तिच्याभोवती माणसे जमली होती. मागचा मडगार्ड जवळजवळ नाही, कॅरिअर नाही, सीट एकच आणि तीही सायकलच्या सीटएवढी, हँडल मात्र म्हशीच्या शिंगांसारखे रुंद. लोक मोबाइलवर फोटो काढत होते. माझ्या टेबलाचा फोटो आजवर कोणी काढलेला नाही.

शेडमधला चहावाला म्हणाला, "काय रे, मागची शीट वाटंत पडली काय?"

"बॉबर हाय, मामा. मागचं सगळं काढून टाकायचं असतं."

"आनी पैसं पुऱ्या गाडीचं?"

"जास्त."

"मंग बरोबर हाय," चहावाला म्हणाला. "आमच्या गावच्या पुलाचं पन तसंच झालंय."

मी त्या तरुणाला विचारले, "परंतु मागे बसणाऱ्याचे काय?"

"काका, बॉबरवर मानूस एकटाच असतो. त्यातच तर मजा हाय."

तो गेला, पण ते वाक्य माझ्या टेबलावर राहिले. माणसाचे वय एका टप्प्यावर आले की त्याला आपल्या अंगावरचे अनावश्यक काय आहे, हे दिसू लागते. पोट काढता येत नव्हते. गाडीचे काढता येण्यासारखे होते.

मेकॅनिक माझ्या ओळखीचा होता. त्याने हा प्रकार मोबाइलवर पाहिला होता, म्हणजे त्याच्या मते शिकला होता. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "भाऊ, ही जन्मलीच बॉबर व्हायला. आपन फकस्त नको ते काढायचं." काढण्याची मजुरी लावण्याच्या मजुरीपेक्षा अधिक असते, हे मला तेव्हा कळले, कारण लावणे हे काम आहे आणि काढणे ही कला आहे, असे त्याने समजावले. मागचा मडगार्ड गेला. कॅरिअर गेले. लांब सीट जाऊन एकट्याची आली. सायलेन्सर जाऊन त्या जागी आखूड नळकांडे आले. मागचे शॉकॲब्सॉर्बर काढून तेथे सरळ लोखंडी दांडे बसवले, कारण खऱ्या बॉबरला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, मागून उसळी नसते. साडीगार्ड काढताना मात्र त्याची पान्ह्याशी झटापट झाली. सासऱ्यांनी ते नटबोल्टवर न भागवता वेल्डिंगही करून घेतले होते.

काढलेला सर्व माल पोत्यात घालून त्याने घरी पाठवला. बायकोने पोते उघडून पाहिले.

"आनी मी कुठं बसनार?"

मी तिला रेल्वेचे फायदे सांगितले. पेणहून थेट निडी. ऊन नाही, धूळ नाही, पाय पसरायला जागा. मी मुद्देसूद बोललो. तिने पोत्यातून साडीगार्ड बाहेर काढले, परसात नेले आणि शिराळ्याच्या वेलाला आधार म्हणून उभे केले. वेल नुकताच वर येत होता. त्याला ते आवडले असावे.

राहता राहिला रंग. पेणमध्ये रंग म्हटला की गणपतीच्या कारखान्याशिवाय दुसरे नाव डोळ्यासमोर येत नाही. गणपती गेल्यानंतरचे थोडे मोकळे दिवस होते. मूर्तींना रंग देणाऱ्या एका कारागिराकडे मी टाकी आणि पुढचा दिवा नेऊन दिला आणि सांगितले, काळा, बिनचमकेचा.

"काळा?" तो म्हणाला. "साहेब, काळा रंग आमच्याकडं उंदराच्या डोळ्याला लागतो. तेवढाच घोळतो आमी."

मी आग्रह धरला. त्याने मान डोलावली आणि त्याच्या हाताला जे येत होते ते केले. टाकी पितांबराच्या पिवळ्या रंगात परत आली, कडेने शेल्याची सोनेरी किनार. हेडलाइटच्या वर त्याने दोन नाजूक रेघा ओढल्या होत्या. पैसे घेतले नाहीत त्या रेघांचे; म्हणाला, तोंड कोरं बरं दिसत नाय.

पहिल्या रविवारी बायको सकाळच्या आगगाडीने पुढे गेली. मी बॉबरवरून निघालो. वडखळच्या नाक्यावर एका म्हातारीने हात जोडले. मी प्रतिनमस्कार केला. माझ्या व्यवसायात नमस्कार येतच असतात. पुढे दोघाजणांनी जोडले. मग एका टेम्पोवाल्याने शेजारी येऊन विचारले, "मूर्ती मागनं येते काय?" तेव्हा नमस्कार कोणाला होते, हे माझ्या ध्यानात आले.

महामार्ग रुंद होत होता. तो रुंद होतो आहे हे आमच्या भागात एखाद्या ऋतूसारखे मानले जाते. तेथे धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात, म्हणजे धूळ चिखल होऊन जागच्या जागी राहते. मडगार्ड कशासाठी असतो हे मला नागोठण्यापर्यंत पूर्ण उमगले. मागच्या चाकाने माझ्या पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ, रुंद पट्टा ओढला. दांड्यांमुळे प्रत्येक खड्डा रस्त्यातून थेट माझ्या दातांत येत होता. आणि कानाशी कोणीच नव्हते. नळकांड्याचा आवाज एवढा होता की कोणी असते तरी ऐकू आले नसते. परंतु नव्हते, हे ऐकू येत होते.

निडीला अंगणात शिरलो. सासूबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी आतल्या बाजूला हाक दिली, "कुनाचा ट्रॅक्टर आला गो बाय? त्याला सांग, अंगनात नको आनू."

बायको बाहेर आली. "ट्रॅक्टर नाय, आये. जावई आलेत तुजे."

"यांची गाडी कुठं हाय?"

"हीच ती."

सासूबाईंनी हात पुढे करून टाकी चाचपली, मग मागे सरकल्या आणि जेथे मागची सीट होती तेथील मोकळ्या हवेत त्यांचा हात थांबला. "शीट नाय?"

"नाय. काढली."

"अगो, मग तू?"

"मी आगगाडीनं," बायको म्हणाली, आणि ते तिने ज्या सुरात म्हटले तो मला आवडला नाही, कारण त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आले असते. डब्यात तिला बायका भेटल्या होत्या. एकीने तिला सुक्या जवळ्याची चटणी खायला दिली होती, एकीने नणंदेचा सगळा खटला ऐकवला होता, आणि सगळ्यांनी पुढच्या खेपेला खिडकीची जागा धरून ठेवतो असे कबूल केले होते. चहा त्या दिवशी ठेवलेला नव्हता. ओळखीचा आवाजच आला नाही, तर ठेवणार कोण.

पुढच्या आठवड्यात ती शनिवारीच गेली आणि राहिली. त्यानंतरच्या वेळी तिने मला, मी येणार आहे का, असेही विचारले नाही. आठवड्याचे तिचे साचलेले आता डब्यात ओतले जात होते. मला आपल्या घरात काय चालले आहे, याची माहिती मिळण्याचा मार्ग बंद झाला. एकदा चहावाल्याकडून कळले की माझ्या बायकोची दाढ दुखते आहे. त्याची बहीण त्याच डब्यात होती.

मी मात्र रीत सोडली नव्हती. काम झाले होते; आता ते कायम करून घ्यायचे होते. गाडीच्या आसनांची संख्या दोनावरून एकावर आणायची, तर परिवहन कार्यालयाकडे मालकाच्या सहीने अर्ज हवा. मी तो मन लावून लिहिला आणि संध्याकाळी, ती तांदूळ निवडत असताना, वाचून दाखवला:

"मी, अर्जदार, वरील वाहनाची नोंदणीकृत मालक असून, सदर वाहनाच्या मागील आसनाचा मला काहीही उपयोग नसल्याने ते मी राजीखुशीने काढून टाकले आहे. सबब सदर फेरबदल कायम करून मिळावा, ही नम्र विनंती."

ती सुपातला खडा शोधत होती. "कोन मी?"

"म्हणजे तू."

"मी काढली शीट?"

"अर्जात तसे लिहावे लागते."

"मला उपयोग नाय, हे तुमाला कोनी सांगितलं?"

"अगं, ती भाषा असते."

"लोकांचं 'मी' लिवून लिवून तुमाला सवय झाली," ती म्हणाली. तिने खडा काढून बाजूला ठेवला. "बाबांनी ती जाळी माझ्यासाठी करून घेतली. शीट लावा, मग सही मागा."

"सीट लावली तर सहीची गरजच उरणार नाही."

"मग बरंच झालं की."

पुष्कळ साहेब लोकांनी माझे अर्ज फेटाळले आहेत, पण कारण देऊन इतक्या थोडक्यात कोणी फेटाळलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी पोते घेऊन मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, शीट लावली तर मग ही बॉबर ऱ्हानार नाय." मी म्हणालो, लाव. सीट लागली, सायलेन्सर लागला, मडगार्ड लागला, मागची उसळी परत आली. साडीगार्ड तेवढे राहिले, कारण ते परसात होते आणि शिराळ्याचा वेल त्याच्या गजागजांतून गेला होता.

"तोडू?" मी विचारले.

"तोडता कशाला? दोन शिराळी बियाला ठेवलीत. ती जून होऊ द्या."

त्यामुळे मी थांबलो. प्रकरण प्रलंबित राहणे म्हणजे काय, हे मी लोकांना इतकी वर्षे समजावत आलो. शिराळे जून होण्याची वाट पाहताना मला ते नव्याने समजले. मी रोज सकाळी जाऊन हाताने दाबून पाहत असे. अखेर ती वाळली, तिने बिया काढून ठेवल्या आणि जाळी मोकळी केली. मी ती त्याच दिवशी गाडीला परत बसवून आणली.

त्या रविवारी ती नेहमीप्रमाणे आगगाडीनेच निघाली. "बायकांनी जागा धरलेली असते," म्हणाली, "न सांगता कशी मोडू?" मी गाडी काढली आणि निडीच्या स्टेशनाबाहेर जाऊन उभा राहिलो. म्हातारीने वडखळला हात जोडलेच. पिवळी टाकी तशीच होती.

ती स्टेशनाबाहेर आली, बरोबर दोघी बायका. त्यांच्यातली एक म्हणाली, "हेच काय गो तुजे अर्जवाले?" आणि दोघी तोंडाला पदर लावून पुढे गेल्या. बायकोने गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिले. जाळीच्या एका गजाला वेलाचा सुकलेला तंतू अजून वेढा घालून होता. तो तिने काढला नाही. पदर खोचला आणि बसली.

"धरलंय. चला."

स्टेशनापासून घर फार दूर नाही. मी सावकाश नेत होतो. थोड्या वेळाने कानाशी सुरू झाले: दाढ, मग नणंदेचा तो खटला, मग आईच्या डोळ्यांना दाखवायला न्यायचे आहे ते कधी, आणि तुम्ही ऐकताय ना. हेल्मेटमधून अर्धे कळत होते. लांबच्या वळणावर गाडी आली तेव्हा ती डोळ्यांच्या डॉक्टरापर्यंतच पोचली होती. घर दिसू लागले. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. आत स्टोव्ह पेटलेला असणार.

मी गाडी थांबवली नाही.

"अहो, घर मागं ऱ्हायलं."

"राहू दे. पुढे काय म्हणाली नणंद?"

मागून सासूबाईंची हाक आली, "अगो, गाडी गेली कुठं? चाय निवतोय!" बायकोने मागे वळून त्यांना हात केला असावा, कारण क्षणभर तिचा एकच हात माझ्या खांद्यावर होता. मग दुसराही आला, आणि ती पुढे सांगू लागली.